काजळी कोणती, सावली कोणती

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या सदरबझारातील आत्याच्या बंगल्यात लग्न निघाले होते. पाहुणे येण्याआधी घरातील सगळ्या काचा एकदा नीट धुऊन निघाव्यात म्हणून आतेभावाने हे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्या दोन तरुणांना बोलावले. ते सांगलीहून आले होते. शोरूम, दवाखाने, बँका यांच्या दर्शनी काचा धुण्याची कंत्राटे ते घेतात आणि अधूनमधून एखादे मोठे घरही करतात. सकाळपासून त्यांनी वरच्या मजल्यावरची तावदाने, व्हरांड्याच्या काचा आणि दारांवरचे झरोके अशा सफाईने उरकले की घरातली माणसे हातातली कामे सोडून बघत उभी राहिली. मग त्यांतला थोरला जिन्याच्या वळणावरच्या खिडकीपाशी आला. बादली खाली ठेवून त्याने ती आधी समोरून पाहिली, मग भिंतीला गाल लावून बाजूने पाहिली, बोटाच्या पेराने एका तुकड्यावर अगदी हलकी टिचकी मारली आणि कान देऊन ऐकले. "ही मी करत न्हाई, दादा. हिचे पैसे धरू नका," असे भावाला सांगून तो मोकळा झाला. भावाने आग्रह केला, थोडे जास्त देण्याचीही तयारी दाखवली. पण तो हसून मान हलवत राहिला आणि बादली उचलून खालच्या मजल्यावर गेला. भावाच्या मते तो कामाला कंटाळला होता. नगावर पैसे घेणारा माणूस एका टिचकीचा आवाज ऐकून हातची कमाई सोडतो, याचे उत्तर कंटाळा हे असेल असे मला काही पटेना, आणि ती गोष्ट मनातून जाईना.

ती खिडकी आत्याच्या सासरच्यांनी बसवलेली नव्हे. बंगला इंग्रजी अमदानीत कुणा अधिकाऱ्यासाठी बांधला गेला, पुढे आत्याच्या आजेसासऱ्यांनी तो विकत घेतला आणि खिडकी भिंतींबरोबर आपोआप घरात आली. तिच्यात एकसंध काच कुठेच नाही. शंकरपाळ्यांच्या आकाराचे फिकट हिरवे आणि मधाच्या रंगाचे तुकडे शिशाच्या अरुंद पट्ट्यांत अडकवून सगळी चौकट भरलेली आहे आणि मधोमध एका लंबगोलात लव्हाळ्यावर बसलेला खंड्या रंगवलेला आहे. दुपार कलली की तिच्यातून येणारे ऊन जिन्याच्या पायऱ्यांवर पसरे आणि आम्ही मुले त्या हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांत तळवे धरून बसत असू. कुणाचा हात जास्त हिरवा यावरून भांडणेही होत. पावसाळ्यात यवतेश्वराच्या बाजूने वाऱ्याची झड आली की ती खिडकी बोलू लागे. सगळे तुकडे आपापल्या जागी किंचित हलून एक बारीक कुरकुर निघे आणि खालच्या फळीवर पाण्याची ओल धरे. जवळ नाक नेले तर जुन्या तेलाचा, ओल्या लाकडाचा आणि धुळीचा मिळून एक वास येई, जो घरात दुसरीकडे कुठेही येत नसे. त्या कुरकुरीला आम्ही मोठेपणीही खिडकीचा स्वभावच समजत होतो.

चहाच्या वेळी मी त्या तरुणाला कारण विचारले. त्याने कमरेच्या पट्ट्यातला वायपर काढून माझ्या हातात दिला आणि रबराच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितले. ती कड विळीसारखी नव्हे, पण काटकोनात नेमकी कापलेली आणि कुठेही न कुरतडलेली होती. "ह्याला सपाट जागा लागती, ताई. हिथं नुसत्या शिवणीच हायत." त्याचे काम मी सकाळी पाहिले होते, त्यामुळे त्याला काय म्हणायचे आहे ते समजले. केसाळ कापड चढवलेल्या पट्टीने साबणाचे पाणी सगळ्या काचेला सारखे लावायचे, वरच्या कडेला फडक्याने बोटभर कोरडी जागा करायची, तिथे रबर टेकवून ते न उचलता वळणे घेत खाली यायचे, आणि शेवटी चारही कडांचे पाणी टिपून घ्यायचे. रबर फिरताना एक लांबट, ओलसर सूर निघतो. तो मध्येच तुटला तर तिथे रेघ राहिली असे समजावे. रबराच्या कडेला नखाएवढी खोक पडली तरी प्रत्येक फेरीत काचेवर पाण्याची एक ओळ मागे राहते, म्हणून त्याच्या खिशात कोऱ्या पट्ट्या नेहमी असतात. हा हलका, एकाच रबराचा वायपर एत्तोरे स्तेक्कोने या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या काचा पुसणाऱ्या कामगाराने कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९३६ च्या सुमारास घडवला. त्याआधी तिकडे दोन रबरांची जड पोलादी हत्यारे वापरत आणि रबर बदलायचे तर कितीतरी स्क्रू सोडवावे लागत. दिवसभर तेच ओझे हातात धरणाऱ्या माणसालाच ते हलके करण्याची निकड भासावी, हे मला फार योग्य वाटते. परंतु ही सारी करामत काच सलग आहे आणि ती मागून घट्ट धरलेली आहे, या दोन गोष्टींवर उभी आहे. जिन्याच्या खिडकीत दोन्ही नाहीत. तिथे रबर वितीभरही न जाता शिशाला अडखळणार, आणि प्रत्येक अडखळण्याबरोबर एक धक्का आत जाणार.

तो या धंद्यात आला तो २०१९ च्या महापुरामुळे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती, जिथे ४५ फुटांनाच धोका मानतात. पाणी उतरल्यावर सांगलीच्या बाजारपेठेतील दुकानांच्या काचांवर गाळाचा थर बसलेला होता. हाताला काम नव्हते आणि काचा धुवायला माणूस मिळत नव्हता, म्हणून तो लागला. पहिल्या काही दिवसांतच एका दुकानाच्या भल्या मोठ्या काचेवर वाळलेला चिखल त्याने कोरड्या गोणपाटाने घासला, राहिलेल्या डागांवर ब्लेड चालवले, आणि उन्हात पाहतो तो सगळ्या काचेवर केसांसारखे ओरखडे. मालकाने मजुरी तर दिली नाहीच, वर महिनाभर फुकट झाडूनपुसून घेतले. त्याला ते अजून लागलेले आहे, हे सांगताना त्याने कपबशी खाली ठेवली त्यावरून कळत होते. गाळात वाळूचे कण असतात आणि त्यांतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. शिवाय भट्टीत तापवून कडक केलेल्या काचेच्या पृष्ठभागावर रोलरवरचे सूक्ष्म कण चिकटून आलेले असू शकतात. ब्लेडखाली ते सुटतात आणि मग ब्लेड त्यांनाच पुढे ओढत नेते. म्हणून आता तो आधी नुसते पाणी वाहू देतो, धूळ स्वतःहून उतरू देतो आणि हात नंतर लावतो. काच कोणती, तिच्यावर काय चिकटले आहे, ती कशात बसवली आहे, हे पाहिल्याशिवाय तो बादलीत साबणही टाकत नाही.

पाण्याबद्दलही तो बराच वेळ बोलला, आणि त्या विषयात मिरज, शिरोळ, वाळवा या पट्ट्यातील माणसाला शिकवावे लागत नाही. उसाला वर्षानुवर्षे पाट भरून दिलेल्या पाण्याने तिथल्या काळ्या जमिनी क्षारपड होऊन पांढऱ्या फुटल्या आहेत. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या काचेवर उन्हात तेच दृश्य लहान प्रमाणात उमटते. पाणी उडून जाते आणि त्यातला चुना ठिपक्यांच्या रूपाने राहतो, तो वेळीच काढला नाही तर पुढे निघता निघत नाही. पुण्यातील उंच इमारतींवर लांब कार्बनच्या काठीला ब्रश लावून त्यातून क्षार पूर्ण काढलेले पाणी सोडतात. त्या पाण्यात मागे ठेवण्यासारखे काही नसते, त्यामुळे काच पुसावी लागत नाही, ती आपोआप वाळून स्वच्छ दिसते. त्याला तसे यंत्र घ्यायचे आहे. जिन्याच्या खिडकीवर ते चालेल का, असे मी सहज विचारले, तर तो म्हणाला, "पाणी काय, शिरंल तिकडं जाईल. तुमच्या भिंतीत जाईल."

माझे काच पुसण्याचे शिक्षण कराडच्या आजोळी झाले. तिथे वीज होती, पण ती जाण्यासाठीच येत असे, त्यामुळे प्रभाकर कंदील खुंटीवर कायम तयार असे. कराडशेजारच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंच्या कारखान्यात तयार झालेला हा कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होता. आजीच्या घरी मात्र तो गावचाच म्हणून त्याला जरा जास्त मान मिळे. संध्याकाळी काचेवरची काजळी काढायचे काम माझ्याकडे असायचे, कारण काचेच्या तोंडातून आत जाईल असा हात घरात माझाच होता. चुलीतली चाळलेली राख, जुन्या धोतराचा तुकडा, आत घातलेली मूठ हलकेच फिरवायची. आधी सगळे राखाडी होई, मग एका बाजूने आरपार दिसू लागे. राखेचा कोरडा वास, रॉकेलचा तेलकट वास आणि काच हातात फुटेल ही भीती, हे तिन्ही मिळून मला अजून संध्याकाळ आठवते. आजी बाहेरून काचेवर फुंकर घाली आणि वाफ सगळीकडे सारखी धरली की काम झाले असे समजे. डाग राहिला असेल तिथे वाफ वेगळी धरते. ही परीक्षा मी पुढे आरशांवर, चष्म्यांवर, गाडीच्या काचांवर करत आले आहे आणि ती कधी चुकलेली नाही.

आत्याच्या त्या खिडकीला राख कधी लागली नसावी, असे मी धरून चालले होते.

लग्न झाले, मंडळी पांगली, आणि मी खिडकीची छायाचित्रे काढून मुंबईतील एका मैत्रिणीला पाठवली. ती रंगीत काचांच्या जतनाचे काम करते. राजाबाई टॉवरच्या विद्यापीठ ग्रंथालयातील रंगीत खिडक्यांसमोर उभे राहून तिने मला पूर्वी एकदा बरेच काही समजावले होते. मी तेव्हा त्यातले निम्मेच ऐकले होते. तिने छायाचित्रांकडे न पाहता पहिला प्रश्न विचारला, "वाजते का?" टिचकी मारल्यावर घट्ट बसलेला तुकडा बसका आवाज देतो आणि सुटलेला तुकडा खुळखुळतो. म्हणजे सांगलीच्या त्या तरुणाने नेमके हेच ऐकले होते, कुणी न शिकवता. शिशाच्या पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. दोन्ही बाजूंच्या खाचांत काच बसते आणि राहिलेल्या फटीत खडूची भुकटी व जवसाचे तेल मळून केलेली लांबी दाबून भरतात. जिथे पट्ट्या एकमेकींना मिळतात तिथे शिसे-कथील वितळवून डाख, म्हणजे जोड, दिलेला असतो. मागे आडव्या लोखंडी सळ्या असतात आणि तांब्याच्या तारांनी खिडकी त्यांना बांधलेली असते. पन्नास-शंभर वर्षांत तेल सुकून लांबी भुगा होते, तार तुटते, आणि मग सगळा भार शिशावर येतो. काचेच्या चौपटीहून जड असलेला हा मऊ धातू तो भार पेलत उभा राहत नाही. तो हळूहळू बसतो. उन्हाने शिसे काचेच्या जवळजवळ तिप्पट पसरते आणि रात्री आकसते, त्यामुळे सुटलेल्या जागा आणखी सुटत जातात. खिडकीच्या पोटाला बाहेरच्या बाजूने बाक येतो. भिंतीला गाल लावून पाहिले की तो दिसतो.

आतेभाऊ इंजिनिअर आहे. त्याने यावर लगेच सांगितले की जुनी काच खाली ओघळते, म्हणूनच जुन्या तावदानांच्या खालच्या कडा जाड असतात. ही समजूत इतकी पसरलेली आहे की ती खोडताना आपणच अडाणी ठरतो. काच घरातल्या तापमानाला वाहत नाही, माणसाच्या इतिहासाएवढ्या काळात तर मुळीच नाही. पूर्वी काचेचा गोळा फुंकून, गरगर फिरवून त्याची थाळी करत आणि तिच्यातून तावदाने कापत. ती थाळी सगळीकडे सारख्या जाडीची होत नसे, आणि कारागीर जाड कड बहुधा खाली ठेवत असे, पण कधी वरही ठेवत असे. आमच्या खिडकीत वाहणारे काही असेलच तर ते शिसे आहे, ज्याला आपण बळकट चौकट समजतो. नाजूक म्हणून जिला जपायची ती काच अजून जशीच्या तशी आहे.

मैत्रिणीने काय करू नये याची यादीच सांगितली. दाबाचे पाणी नको, निळ्या फवाऱ्याची बाटली नको, घासणी नको, आणि व्हिनेगर तर मुळीच नको. व्हिनेगरवर ती थोडी चिडलेलीच होती, कारण हल्ली काच कशी चकचकीत करावी हे सांगणारा प्रत्येक जण आधी त्याचेच नाव घेतो. पूर्वी रंगारी जो सफेदा वापरत तो युरोपात कसा करत, हे तिने मला सांगितले. शिशाच्या गुंडाळ्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवायच्या, ती भांडी शेणखतात पुरायची, शेणाच्या उबेने आम्लाची वाफ होऊन शिसे खाल्ले जाई आणि काही आठवड्यांनी त्यावर पांढरा थर जमे. तो खरवडला की झाला सफेदा. आपण खिडकीला व्हिनेगर लावतो तेव्हा तोच कारखाना घरात छोट्या प्रमाणावर सुरू करतो. जुन्या शिशावर दिसणारी पांढुरकी भुकटी विषारीच असते, ती कोरडी झाडून हवेत उडवायची नाही, मुलांना जवळ येऊ द्यायचे नाही, हातमोजे आणि मास्क घालायचा, आणि पुसलेले बोळे घरच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. मारुतीला लावतात तो शेंदूरही मुळात शिशाचाच, हे आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणून तर तो देवाला लावतात, आपण खात नाही."

सळईची तुटलेली तार जोडायला गावातल्या कल्हईवाल्याला बोलवावे, असे मला वाटत होते. त्याच्याकडे कथील आहे, नवसागर आहे, डाख देण्याचा हात आहे. मैत्रीण नको म्हणाली. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि डाख देण्याची तापवलेली कावी त्यापुढे सहज जाते. तांब्यापितळेच्या भांड्यावर सरावलेला हात क्षणभर जास्त थांबला तर डाखाऐवजी पट्टीच गळून पडेल. मला ते पटले, तरी वाईटही वाटले. साताऱ्यात जे कसब अजून शिल्लक आहे तेही इथे उपयोगाचे नाही, आणि ज्याचा उपयोग आहे ते मुंबईहून आणावे लागते.

मग खंड्याची गोष्ट निघाली. त्याच्या छातीवर आणि लव्हाळ्याच्या बुडाशी तपकिरी, मळकट छटा आहे. लहानपणापासून आम्ही तिला मळ म्हणत आलो आणि लग्नाआधी ती निघावी हीच आत्याची मुख्य इच्छा होती. मैत्रीण दोन महिन्यांनी साताऱ्याला आली तेव्हा तिने आत्याला खिडकीसमोर बसवून दाखवले की ती छटा मळ नसून चित्र आहे. अशा कामात काचेचा रंग काचेतच असतो. निळा कोबाल्टचा, जांभळा मँगनीजचा, उत्तम लाल तर सोन्याचाही. चित्रकार त्यावर लोहाची भस्मे आणि काचेची पूड कालवून केलेला काळा-तपकिरी रंग लावतो आणि काच भट्टीत भाजतो. त्या एका मातकट रंगाने तो उजेड अडवतो, आणि अडवलेल्या उजेडातूनच पंखाची गोलाई, मानेखालचा खळगा, पाण्याची खोली तयार होते. पिवळी झाक तेवढी चांदीच्या क्षाराची. ती बहुधा बाहेरच्या अंगाला देतात आणि भाजल्यावर ती काचेच्या आतच मुरते, म्हणून पाऊस तिला सहसा काही करू शकत नाही. तपकिरी रंग मात्र आतल्या अंगाला असतो, म्हणजे जिथे घरातल्या माणसाचा फडक्यासकट हात सर्वांत सहज पोहोचतो तिथेच. दोघी एकाच जागेकडे बघत होत्या, एकीला काजळी दिसत होती आणि दुसरीला सावली.

"पण याला डोळा नाही, ते का?" आत्याने विचारले.

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही कधी पडला नव्हता. खंड्या बिनडोळ्याचाच आहे हे आम्ही इतक्या वर्षांत स्वीकारून टाकले होते. कुणीतरी तो झोपलेला आहे असे सांगितले होते आणि तेवढे पुरले होते. मैत्रिणीने टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून बाजूने धरला. तिरप्या उजेडात डोक्याच्या जागी एक मंद, खरखरीत वर्तुळ दिसले. रंग गेला होता, पण तो जिथे बसला होता तिथली काच आजूबाजूच्या काचेसारखी चमकत नव्हती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील काही कारखान्यांनी रंग लवकर वितळावा म्हणून त्यात टाकणखार घातला, आपले सोनार डाख देताना वापरतात तोच. भट्टीतून काढल्यावर रंग सुंदर दिसे, पण दमट हवेत तो हळूहळू सुटू लागे. त्या काळच्या कित्येक खिडक्यांतील चेहरे असे पुसट झालेले आहेत. आमच्या खंड्याचा डोळा त्यात हवेने थोडा नेला असेल, आणि उरलेला दिवाळीच्या दर झाडलोटीत ओल्या फडक्याने. आत्याच्या सासूबाई फार टापटिपीच्या होत्या. जिन्याची खिडकी त्या स्वतः पुसत, मोलकरणीला हात लावू देत नसत, कारण ती मौल्यवान आहे हे त्यांना ठाऊक होते. आणि राखेचे म्हणाल तर चाळून घेतलेली राख त्या जिन्याखालच्या फडताळात एका डब्यात ठेवत, ही आठवण आत्याने तेव्हाच सांगितली. माझे धरून चालणे तिथेच संपले. मला आधी हळहळ वाटली, मग त्या हळहळीचा थोडा रागही आला. ज्या बाईने घरातली एकच वस्तू दुसऱ्याच्या हाती न देता आयुष्यभर जपली तिला दोष देण्याचा अधिकार, त्या खिडकीला कधी फडकेही न लावलेल्या आम्हाला कुठून आला?

शेवटी खिडकी साफ करायची ती कशी, तर जेवढी करता येईल तेवढीच. आधी प्रत्येक तुकड्याचे छायाचित्र. मग शेळीच्या केसांच्या मऊ ब्रशने धूळ सैल करायची आणि शेजारी धरलेल्या व्हॅक्यूमच्या नळीने ती तिथल्या तिथे ओढून घ्यायची. त्यानंतर बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून केलेले बोळे आणि क्षार काढलेले पाणी. हे पाणी पोवई नाक्याजवळच्या एका गॅरेजमधून आणले, गाडीच्या बॅटरीत घालायचे. शिशाच्या बॅटरीसाठी जे पाणी चालते तेच शिशाच्या खिडकीला चालावे याची मला गंमत वाटली. बोळा घासायचा नाही, काचेवरून गोल फिरवत एकदाच न्यायचा आणि टाकून द्यायचा, कारण दुसऱ्यांदा नेला तर उचललेला मळच सहाणेचे काम करतो. आतून बोळा फिरताना बाहेरून कुणीतरी तळवा टेकवून धरायचा, म्हणजे दाब शिशावर जात नाही. बाहेरचा तळवा माझा होता. शिडीवर उभी राहून मी काचेपलीकडे मैत्रिणीचे हिरवे झालेले बोट पाहत होते आणि एका शंकरपाळ्याला सबंध सकाळचा बराच भाग लागत होता. रंगवलेल्या लंबगोलाला तर तिने कोपऱ्यात कुठे तरी एक बोळा टेकवला, त्यावर तपकिरी ठिपका उतरला, आणि तिने हात मागे घेतला. तिथे पुढे काहीच करायचे नाही असे ठरले.

खरा वाद यानंतर झाला. साध्या तुकड्यांवरचा मळ निघाला, आणि त्यामुळे मधला खंड्या पूर्वीपेक्षा अधिकच कळकट दिसू लागला. आत्याचे म्हणणे होते की एवढे करून हेच दिसायचे असेल तर न केलेले बरे. भावाचे म्हणणे होते की नव्याने डोळा काढून घ्यावा, हल्ली काचेवर चिकटवायच्या फिल्मही मिळतात. मैत्रीण म्हणाली की डोळा काढता येईल, पण तो मूळ काचेवर काढायचा नाही. मागे दुसरी पातळ काच ठेवून तिच्यावर काढायचा, म्हणजे उद्या कुणाला नको वाटला तर तो काढून ठेवता येईल. मला या उत्तरात एक शहाणपण दिसले आणि एक चलाखीही. बाहेरच्या बाजूने साधी काच बसवून पाऊस अडवायचा का, यावरही बोलणे झाले. बसवली तर मधली हवा खेळती ठेवायला वर-खाली फट हवी, नाही तर दोन काचांमध्ये वाफ धरेल आणि शिसे आणखी खाल्ले जाईल. सुतार म्हणाला फट ठेवली तर गांधीलमाशा घर करतील. म्हणून बारीक जाळी. जाळी म्हटल्यावर ती कोण साफ करणार, हा प्रश्न आला.

तो प्रश्न घरकामाच्या मावशींपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. गेली कित्येक वर्षे जिना त्यांच्याकडे आहे. भावाने त्यांना सांगितले की यापुढे या खिडकीला फडके लावायचे नाही, ओले नाही, कोरडेही नाही, कोळिष्टक झाले तर आम्हाला सांगायचे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग पदर खोचून विचारले, "आन् पाव्हनं आलं, खिडकी काळी दिसली, तर नाव कुनाला ठेवनार? तुमाला का मला?" त्यावर भावाने खिडकीखाली एक पाटी लावू असे सांगितले. मावशी म्हणाल्या की पाटी लावा, पण तीत असे लिहा की पुसू नका असे मालकांनी सांगितले आहे. आणि अक्षर मोठे काढा, जिना चढताना दिसेल असे.